हाताचं काज

ओटीबाई येणार म्हटलं की नवे पेशंट दचकायचे. ओटी म्हणजे ऑपरेशनची खोली, एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळे "उद्यापासून ओटीबाई येतील हं तुमच्याकडे," असं सिस्टरने सांगितलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची. मेंदूबिंदू कापतात की काय! मग बाई यायच्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात चालून चालून झिजलेल्या चपला, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आज उठल्यापासून काय काय केलंत?" त्यांचं खरं पद व्यवसायोपचार तज्ज्ञ, इंग्रजीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणून ओटी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या नवऱ्याला हा शब्द एका दमात म्हणता येत नव्हता.

मनाच्या आजारांचं ते एक लहानसं केंद्र होतं. डॉक्टर गोळ्या बघायचे, सिस्टर इंजेक्शनं आणि घरच्यांची चौकशी, समुपदेशक बोलण्याचं बघायचा. आणि माणूस काय करतो ते बाई बघायच्या. आंघोळ आपण होऊन करतो का, भाजी चिरता येते का, बसने जाऊन परत घरी येतो का, हाती घेतलेलं काम पुरं करतो की अर्ध्यावर टाकून खिडकीबाहेर बघत बसतो. डॉक्टर चेष्टेने म्हणायचे, "आम्ही माणसाला बरं करतो, ओटीबाई त्याला कामाला जुंपतात." बाई ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. "तुम्ही बरा केलेला माणूस पलंगावर बसून भिंत बघतो, डॉक्टर. आपण बरे झालोत हे त्याला कळायला नको?"

शिकायला येणाऱ्या मुलींपुढे त्यांचं एक पालुपद असायचं. केलेली वस्तू बघू नका, करताना माणूस बघा. चहा गोड झाला की अगोड याला काडीची किंमत नाही, पण गॅस पेटवताना तो थबकला का, ते बघा. हे त्या इतकं ठासून सांगायच्या की मुली त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करून पोट धरून हसायच्या. आणि मास्तरांच्या बाबतीत बाई नेमकं हेच विसरल्या.

मास्तर म्हणजे शिंपी. त्यांच्या दुकानाचं नाव पाटीवरून कधीच उडालं होतं, पण पाटी वाचून तिथे कोण येत होतं? लोक यायचे ते हाताच्या काजांसाठी. बाकी सगळीकडे बटणांची काजं मशीनवर खटाखट पडतात, हे मात्र दोऱ्याला मेण लावून एकेक काज हाताने भरायचे. कापड फाटेल, पण काज सुटणार नाही, असं गिऱ्हाईकं सांगायची. दुकानाच्या मागेच दोन खोल्यांचं घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हाताखाली शिकून तयार झालेली लेक शेजारच्या दुसऱ्या मशीनवर बसायची.

मग गेल्या वर्षी मास्तरांच्या डोक्याने घेतलं की आपण आजवर शिवलेलं सगळं लोकांच्या अंगावर उसवतंय. आधी कपाटातले कपडे काढून टाके तपासत बसायचे. मग रस्त्यावर जायला लागले. चालत्या माणसाला थांबवायचे, त्याचा खांदा धरायचे आणि गयावया करायचे, "थांबा हो, उसवलंय, चार टाके घालून देतो." सुरुवातीला लोक हसले. नंतर वैतागले. एकाने ढकलून दिलं, तेव्हा फुटपाथवर बसून त्यालाच हात जोडत होते. जेवण सुटलं, झोप उडाली, आणि लेकीने रडत रडत त्यांना इस्पितळात भरती केलं. गोळ्या लागू पडल्या. ते भूत उतरलं. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांच्याकडून घोकवून घेतलं होतं, "कुणी काही उसवत नाही, मास्तर. काय?" आणि मास्तर शाळेतल्या मुलासारखे म्हणाले होते, "कुणी काही उसवत नाही."

बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा मास्तरांच्या मशीनवर चादर टाकलेली होती आणि ते स्वतः खाटेच्या कडेला, उठून जायला सांगितलं तर लगेच जाता यावं असे बसले होते. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"काय करणार?" मास्तर म्हणाले. "लेक उठवते, उठतो. वाढते, जेवतो. बाई, एक सांगू? हातात सुई आली तर मी या घरातला माणूस. नाहीतर लेकीच्या घरी जेवायला बसलेला पाहुणा. आणि पाहुण्याने किती दिवस राहायचं?"

अशी वाक्यं बाईंना ओळखता यायची. या माणसाच्या हातात सुई आलीच पाहिजे, त्यांनी तिथेच ठरवलं. घाई करायची नाही, पण आलीच पाहिजे. पहिल्या खेपेला त्यांनी बटणांचा डबा त्यांच्यापुढे ओतला आणि आकाराप्रमाणे वेगळी करायला सांगितली. पुढच्या खेपेला जुन्या शर्टाला बटणं लावायला दिली. मास्तर हळूहळू का होईना, करत होते. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "काज करून बघू का?" लेकीने मशीन थांबवून मागे वळून बघितलं. तिचे डोळे भरून आले होते.

सुईत दोरा ओवताना मास्तरांचा हात थोडा कापला. बाई जवळच स्टूल ओढून बसल्या होत्या. मास्तरांनी सुई खाली ठेवली.

"बाई, राग मानू नका. तुम्ही अशा नजर लावून बसलात की हात चालत नाही माझा. काज मी कधी गिऱ्हाईकासमोर केलेलं नाही. तुम्ही पुढच्या खेपेला झालेलं बघा ना."

किती दिवसांनी माणूस स्वतःसाठी काहीतरी मागतोय, असं बाईंच्या मनात आलं. त्याची लाज राखायला हवी. आणि खरं सांगायचं तर पुढच्या घरी पोचायला त्यांना उशीरही होत होता. हे दुसरं कारण मात्र त्यांनी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. "बरं मास्तर, तुम्ही म्हणाल तसं," म्हणून त्या उठल्या.

गिऱ्हाईकाचा पहिला शर्ट बघितला तेव्हा काजं जरा वेडीवाकडीच होती. दुसऱ्या शर्टाची मात्र बघत राहावीत अशी. टाक्याला टाका लागून, कडा सरळ, टोकाला घट्ट गाठ. बाई हरखूनच गेल्या. "अहो मास्तर, हे काय! तुम्ही तर मशीनला लाजवलंत!" मास्तर कसनुसं हसले. लेक शर्टाची घडी घालत होती, तीही हसली. त्यानंतर दर आठवड्याला एक शर्ट, दर आठवड्याला बाईंचं कौतुक. आपल्या कामाचं असं फळ बाईंना क्वचितच बघायला मिळायचं. त्यांच्या बाकीच्या पेशंटांपैकी एक अजून अंथरुणातून उठत नव्हता आणि एकीने दोन महिने खपून लावलेली सगळी रोपं एका रागात उपटून टाकली होती. या शर्टांवर बाईंचा जीव जडला.

आठवड्याची बैठक होती. सगळी टीम टेबलाभोवती, मध्ये चहाचे कप. मास्तरांचं नाव निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "या गोळीने कुणाकुणाचे हात कापतात. माझ्यासमोर येतात तेव्हा ते हात मांडीखाली घालून बसतात, मला काही दिसत नाही. ओटीबाई, तुम्ही तर घरी जाता. हात कसे आहेत?"

बाईंनी दाखवायला मागून आणलेला शर्ट पिशवीतून काढला आणि टेबलावर पसरला. सिस्टरने काजावरून बोट फिरवून बघितलं. समुपदेशकाने त्याचा स्वतःचा शर्ट शेजारी धरून पाहिला आणि सगळे हसले. "मग प्रश्नच मिटला," डॉक्टर म्हणाले. बाईंनी शर्टाची घडी घातली ती अगदी ऐटीत.

त्यानंतरच्या भेटीत मास्तरांनी एक प्रश्न विचारला. बाई नव्या शर्टाचं कौतुक करत होत्या. मास्तर उठले, शर्ट घेऊन दारातल्या उजेडात गेले, काज डोळ्यांजवळ धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, हे काज माझं आहे?"

"तुमचं नाही तर कुणाचं, मास्तर?"

"गाठ माझी वाटत नाही. कुणीतरी उसवून पुन्हा..." आणि ते थांबले.

उसवण्याची भाषा पुन्हा आली होती. बाईंनी लेकीकडे बघितलं. ती मान खाली घालून मशीन चालवत होती, आणि मशीन जरा जास्तच जोरात चालत होतं. बाईंनी आपला समजुतीचा आवाज काढला, तो त्यांना छान जमायचा. "मास्तर, डॉक्टर काय म्हणालेत? कुणी काही उसवत नाही. आठवतंय ना? हे सगळं तुमच्या हातचं आहे."

मास्तरांचा चेहरा पडला. घाईघाईने म्हणाले, "हो, हो. बरोबर. माझंच आहे. मी आपलं उगाच." त्यांनी शर्ट नीट घडी करून बाईंच्या हातात दिला. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

बाई मात्र मूग गिळून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. कामात चोख. पुढच्या बैठकीत त्यांनी ते जसंच्या तसं सांगितलं. हात उत्तम, काम सुरेख, पण आपलं काम कुणी उसवतं ही शंका अजून अधूनमधून डोकावते. डॉक्टरांनी हनुवटी खाजवली. "हात ठीक आहेत ना? मग गोळी थोडी वाढवू. मुळातूनच जाऊ दे ते." बाईंनी मान डोलावली.

गोळी वाढली. मास्तर जेवताना चमच्याऐवजी हाताने जेवायला लागले, चहा बशीत ओतून न घेता कप दोन्ही हातांनी धरून प्यायला लागले. बाईंनी बघितलं असतं तर त्यांना क्षणात कळलं असतं. पण बाई आता आल्या आल्या शर्टच मागायच्या.

आणि मग बाईंच्या डोक्यात एक कल्पना आली. केंद्रात दुपारी पेशंटांचा एक गट जमायचा, विणकाम, कागदाच्या पिशव्या असलं काहीतरी करायचा. तिथे मास्तरांनी येऊन काज शिकवावं. जो घरात पाहुणा होता तो चारचौघांत मास्तर होईल. मास्तर म्हणाले, "नको हो बाई." लेक म्हणाली, "मॅडम, इतक्यात नको." बाईंनी दोघांचंही भ्यालेलं मन समजून घेतलं आणि दोघांनाही पटवलं. पटवण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्या दुपारी मास्तर धुतलेला सदरा घालून आले. बाईंनी टेबलावर कापड, सुया, दोऱ्याची रिळं मांडून ठेवली होती. गटातले लोक खुर्च्या ओढून बसले. कौतुकाने डॉक्टर आणि सिस्टरही दाराशी येऊन उभे राहिले, बाईंनीच बोलावलं होतं त्यांना. मास्तरांनी सुई घेतली. दोरा घेतला. दोरा सुईच्या एका बाजूने गेला, मग दुसऱ्या बाजूने गेला. त्यांनी टोक ओलं केलं, पुन्हा धरलं. आता दोन्ही हात मनगटापासून थरथरत होते आणि ते लपवायला मांडी नव्हती. कुणी हसलं नाही. एक पेशंट बाई उठून म्हणाली, "द्या, मी ओवून देते," तर मास्तरांनी सुई तिच्या हातात दिली, तिने ओवून दिली, आणि मास्तर पहिला टाका घालायला गेले तो सुई बोटात घुसली. पांढऱ्या कापडावर लाल ठिपका उमटला. मास्तर कापडाकडे बघत राहिले. मग उठले आणि गटातल्या लोकांकडे बघून म्हणाले, "माफ करा. तुमचा वेळ घेतला."

सिस्टर त्यांना पट्टी बांधायला घेऊन गेली. बाई बाहेर आल्या तर बाकावर लेक बसली होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून.

"मी उसवत होते, मॅडम," ती म्हणाली.

बाईंना आधी अर्थच लागला नाही.

"सगळी काजं. बाबा दुपारी पडले की मी ब्लेडने उसवायची आणि पुन्हा भरायची. पहिला शर्ट गिऱ्हाईकाने परत आणला, म्हणाला, हे काय शिवलंय की खेळ केलाय. बाबा आतच होते, त्यांच्या कानावर गेलं असतं तर? मला वाटलं, हात बसेपर्यंत थोडे दिवस करावं. पण हात बसेना, उलट जास्तच कापायला लागले. नि तुम्ही दर वेळी इतक्या खूश व्हायचात. सांगू कसं?"

"पण त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा?" बाईंचा आवाज चढला. "तेव्हा तरी बोलायचं होतंत!"

"तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, कुणी उसवत नाही म्हणून. तुमच्यापुढे मी काय बोलणार?"

बाई तिच्या शेजारी बाकावर बसल्या. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं त्यांना झालं होतं. हा माणूस धडधडीत खरं बोलत होता. त्याच्या आजाराने त्याला जे खोटं दाखवलं होतं, ते त्याच्या घरात रोज दुपारी खरोखर घडत होतं, आणि ते त्याने ओळखलं तर त्याला गप्प बसवलं कुणी? बाईंनी. वर त्याच्या त्या खरेपणाबद्दल त्याची गोळी वाढवली. त्या गोळीने हात आणखी गेले. सगळी साखळी त्यांच्या त्या एका शर्टापासून सुरू झाली होती, आणि त्यांनी कधी पाच मिनिटं स्टुलावर बसून बघितलं नव्हतं.

बैठकीत त्यांनी सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. डॉक्टरांनी नेहमीचा विनोद केला नाही. "मीही त्यांना हात टेबलावर ठेवायला सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाले आणि गोळी कमी केली, दुसरी एक सुरू केली. सिस्टरने बाईंच्या पाठीवर हात ठेवला. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. बाईंना त्या हाताचा फार त्रास झाला.

हात सुधारले. हळूहळू, पण पूर्ण सुधारले. डॉक्टरांनी मास्तरांना कागदावर रेघ ओढायला लावली, भरलेला पेला एका हाताने धरायला लावला. थेंब सांडला नाही. "आता काही अडचण नाही," ते बाईंना म्हणाले. बाईंना वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. त्या सगळी कामं बाजूला ठेवून मास्तरांच्या घरी गेल्या आणि त्या दिवशी पुढच्या घरी कळवून टाकलं की येत नाही.

मशीनवर चादर होती. मास्तर खाटेच्या कडेला बसले होते. लेक दुकानात न बसता आतच होती. बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला खोटं पाडलं. त्याची मला फार लाज वाटते."

"तुम्ही काय करणार?" मास्तर शांतपणे म्हणाले. "मलाच वाटलं, पुन्हा सुरू झालं. मी काज बघायचो, गाठ माझी नाही हे दिसायचं, आणि मनात म्हणायचो, बघ, लागलं तुझं डोकं फिरायला. पुन्हा इस्पितळात नेतील. लेकीचे पुन्हा तेच हाल. म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात माझंच आहे. मग मी ठरवलं, आपल्या डोळ्यांना जे दिसतं ते खरं मानायचं नाही."

"पण ते खरंच होतं! तुमचं डोकं शाबूत होतं, मास्तर. आता हातही आहेत. मी इथे बसते, हवं तर तोंड फिरवून बसते. एक टाका घालून बघा."

मास्तरांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. राग असता तर बाईंनी त्याच्याशी झगडून काहीतरी केलं असतं, तेवढं त्यांचं शिक्षण होतं. "टाका घालीन हो. पण तो सरळ आला की वाकडा, हे मी कुणाला विचारू? तुम्ही चांगलंच म्हणणार. ही चांगलंच म्हणणार. नि माझ्या डोळ्यांचा भरवसा मी सोडून दिला. तो परत कसा आणतात ते मला येत नाही."

माणसाला पुन्हा चालायला, शिजवायला, बसमध्ये चढायला शिकवणाऱ्या बाई, त्यांच्याकडे याच्यासाठी काहीही नव्हतं, आणि जे होतं ते त्यांनीच घालवलं होतं.

मग मास्तर लेकीकडे वळले. "एक विचारू, पोरी? सगळीच उसवलीस? इतक्या शर्टांत एखादं तरी काज माझं ठेवण्यासारखं होतं का?"

लेकीने बाईंकडे बघितलं. ठेवलं होतं म्हण, एक तरी होतं म्हण, असं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. आणि त्यांना कळलं की तसं म्हटलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून होईल.

"नाही, बाबा," लेक म्हणाली.

"बरं केलंस," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईकाला वाकडं काज द्यायचं नसतं."

फिरायला जायची वेळ झाली होती. लेकीने खुंटीवरचा शर्ट आणून त्यांच्या अंगात घातला. मास्तरांनी हनुवटी जराशी वर केली आणि ती एकेक बटण लावेपर्यंत तसेच थांबले, मग मनगट पुढे केलं. तिने मनगटाचं बटणही लावलं. बाई स्टुलावर बसून बघत होत्या. पुढे धरलेला तो हात अजिबात कापत नव्हता.